नववी पट्टी

बाबा,

तुमचं अर्धवट राहिलेलं कागदाचं चर्च मी गादीखालून बाहेर काढलं आहे. तुम्ही गेल्यानंतर दोन घरं बदलली, तात्यापारा मोहल्ला सुटला, आम्ही चौबे कॉलोनीत आलो, जुनी कपाटं भंगारात गेली. पण तो कागदांचा चपटा गठ्ठा तुमच्या जावयांनी कुणाला हलवू दिला नाही. कागद सपाट राहायला हवा असेल तर त्यावर माणसानं झोपावं, हा नियम तुमचाच. ते इतकी वर्षं तुमच्या चर्चवर झोपत आले. आता दिवसाही झोपूनच असतात. त्यांना कुशीवर वळवायचं, पलंगाच्या कडेला उशा लावायच्या आणि मग गठ्ठा ओढायचा, यात माझी अर्धी सकाळ गेली. मला पत्रं लिहायची सवय नाही आणि रडगाणं गायची तर मुळीच नाही. पण विचारायला दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

उन्हाळा सुरू होताना त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. सगळंच गेलं असतं तर मी मनाची समजूत घातली असती. पण एक शब्द उरला आहे. 'हव.' जन्मभर ते सिंचाईच्या ऑफिसात खेड्यापाड्यांतून आलेल्या लोकांशी छत्तीसगढीत बोलले, दिवसभर 'हव भैया, हव दाई' करत राहिले, पण हा होकार त्यांनी घरात कधी आणला नाही. घरात त्यांचा शब्द होता 'काहून', प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारणारा. मी म्हणायचे, चपला बाहेर काढा. ते म्हणायचे, काहून? मी म्हणायचे, चला, उशीर होतोय. ते म्हणायचे, काहून, गाडी काय तुझ्या बापाची आहे? आणि मग स्वतःच हसायचे, कारण माझा बाप खरंच रेल्वेत होता. तो 'काहून' गेला आणि 'हव' राहिला. पाणी देऊ? हव. पाणी नको? हव. दुखतंय? हव. दुखत नाही ना? हव. एकदा चिडून मी म्हटलं, "मी विहिरीत उडी टाकू का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "हव." मी हसले, बाबा. मग स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि भांडी घासत उभी राहिले. भांडी स्वच्छच होती.

डॉक्टर म्हणतात, त्यांच्या डोक्यात 'नाही' असलं तरी तोंडातून 'हव'च येईल. कदाचित डोक्यातही आता काही ठरत नसेल. यातलं कोणतं, ते सांगता येत नाही म्हणतात. मला तेवढंच कळायला हवं होतं.

तुम्ही असतात तर त्यांच्याजवळ बसला असतात. तुम्हा दोघांना बोलावं लागायचंच नाही. तात्यापाऱ्याच्या त्या पुढच्या खोलीत तुम्ही दोघं एका पाटावर वाकून बसलेले मला अजून दिसता. तुम्ही कापता आहात, ते रिकाम्या रिफिलनं घडीच्या रेघा दाबत आहेत, आणि मधे मैद्याची खळ. त्या खळीत कीड लागू नये म्हणून तुम्ही मोरचूद टाकायचात. आई दारात उभी राहून म्हणते, "त्या पातेल्यात मी दूध तापवते, अन् तुम्ही त्यात विख शिजवून राहिले. एक दिवस सगळ्यांचं तेरावं एकाच दिवशी होईल." तुम्ही मान वर न करता म्हणता, "खर्च वाचंल." शेवटी ते पातेलं तुमच्या नावावर झालं. ते अजून माझ्याकडे आहे. बुडाशी हिरवट कडा आहे, कितीही घासलं तरी जात नाही.

मी शाळेत असताना तुमचा डबा घेऊन रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात यायचे. उतरत्या मोठ्या टेबलांशी सगळे पुरुष उभ्यानं काम करत असायचे, कुणी बोलत नसायचं, फक्त वर पंखा कुरकुरायचा. लाइनीवरच्या एका जुन्या वस्तीतल्या चर्चचं छप्पर दुरुस्त करायचं होतं म्हणून तुम्ही त्याची मापं घ्यायला गेला होतात, आणि तिथून परत आलात ते बदलूनच आलात. त्या दिवशी तुम्ही मला टेबलाजवळ बोलावलंत आणि ट्रेसिंगच्या कागदावर काढलेली एक विचित्र पसरट आकृती दाखवलीत. भिंती चारी बाजूंना आडव्या पडलेल्या, छपराचे दोन पंख. "हा उलगडा," तुम्ही म्हणालात. "पूरं चर्च एका कागदात मावते, पाय बरं." मी विचारलं, मग आपल्या देवळाचा उलगडा का नाही काढत? "शिखराले गोलाई असते पोट्टे. गोल वस्तू कागदात नाही उलगडत, सुरकुत्या पडतात. चर्चचं सगळं सरळ." एवढंच कारण होतं. मोहल्ल्यातल्या लोकांना ते कधी पटलं नाही. समोरचे काका दर रविवारी ओट्यावरून ओरडायचे, "काहो, आज प्रार्थनेले नाही गेले?" तुम्ही म्हणायचात, "देव नाही बनवत भाऊ. छप्पर बनवून राहिलो. पाऊस सगळ्यांवरच पडते."

मला त्यात कधी रस नव्हता. ज्या कामाचा निकाल लवकर लागतो ते मला आवडतं. दोन महिने बसून वीतभर भिंत उभी करणं मला मूर्खपणा वाटायचा. कॉलेजात गणित घेतल्यावर तर मी तुमच्या चुका काढायला बसायचे. त्या वर्षीच तुम्ही मला रेल्वेच्या त्या चर्चचा कळस कापायला दिलात. मनोरा म्हणायचा सोडून तुम्ही कळसच म्हणायचात. आठ कोनांचा निमुळता कळस. उलगडल्यावर पंख्यासारखा दिसायचा: आठ लांब त्रिकोण आणि शेजारी एक बारीक, कोरी पट्टी, जिच्यावर विटांच्या रेघा नव्हत्या. मी आठ मोजले. नववी जास्तीची, म्हणून कापून टाकली. तुम्ही ते पाहिलंत आणि विचारलंत, "काहून कापली?" मी ऐटीत म्हटलं, "बाजू आठ आहेत. नववी कशाला?" तुम्ही रागावला नाहीत. कळस वळवलात, कडेला कड आणलीत, खळ लावलीत आणि माझ्या हातात दिलात. "बरं. आता धरून बस." मी हात सोडला की तो छत्रीसारखा उघडायचा. ज्या पट्टीला खळ लावून तो आतून चिकटायचा, तीच मी फेकली होती. मी जेवणाच्या वेळेपर्यंत धरून बसले. आई म्हणाली, "जेवू द्या ना पोट्टीले." तुम्ही म्हणालात, "जेवू दे. एका हातानं."

तुम्ही नंतर नवा कळस कापलात. मला पाहायला जी मंडळी आली, त्यांच्यासमोर ते चर्च काचेच्या पेटीत ठेवलेलं होतं, खिडक्यांना संत्रागोळीचे चकचकीत कागद लावलेले. मुलगा माझ्याकडे पाहतच नव्हता. तो पेटीशी वाकला आणि म्हणाला, "छपराले इतका उतार काहून?" आई आत येऊन कपाळाला हात लावत म्हणाली, "पोरगी पाहायले आला का छप्पर पाहायले?" तुम्ही मात्र त्या क्षणी ठरवून टाकलंत. मला म्हणालात, "तू कडक आहेस. तुले हव म्हणणारा नको, काहून म्हणणारा पायजे." लग्नात दुसऱ्या बापांनी लोखंडी कपाटं दिली, तुम्ही ती पेटी दिलीत. सासूबाई म्हणाल्या, "लग्नात चर्च? लोक म्हणतील, बाटले." त्यांचा मुलगा म्हणाला, "काहून? छप्पर चांगलं आहे."

मी तेव्हा तुमच्यावर चिडले होते. आज तो माणूस 'हव' म्हणतो आणि मला तुमचं ते वाक्य आठवतं, आणि उठून कुठे जावं ते कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. मागे एकदा बाथरूममधून आणताना आम्ही दोघंही पडलो. लागलं नाही, पण मला त्यांना उठवता येईना. ओल्या फरशीवर भिंतीला टेकून आम्ही शेजारी शेजारी बसून राहिलो. मी म्हटलं, "उठता येईल?" "हव." "माझ्याच्यानं होत नाही हो." "हव." मी गणित शिकवायचे त्या शाळेत मला पाहून मुलींचा अख्खा व्हरांडा रिकामा व्हायचा, बाबा, आणि तिथे मी टॉवेल तोंडात कोंबून रडले, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. नंतर त्यांनाच हाक मारावी लागली.

शेजाऱ्यांनी तुमच्या नातवाला फोन केला. तुम्ही त्याला फक्त पाळण्यात पाहिलंत. हैदराबादला असतो, चांगला आहे, बायकोही चांगली आहे. त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. म्हणाला, "आई, ऐसे कब तक? तू हमारे साथ रह. बाबा के लिए पास में एक सेंटर देखा है, चौबीस घंटे नर्स रहती है. तू रोज़ मिलने जा सकती है." मी म्हटलं, वेगळं ठेवणार? "अलग नहीं आई, दस मिनट की दूरी है." मग त्यानं चेहरे दिसतात तसला फोन लावला आणि यांच्या तोंडासमोर धरायला सांगितला. "बाबा, वहाँ चलोगे ना? अच्छी जगह है." आणि हे म्हणाले, "हव." तुमचा नातू डोळे पुसत म्हणाला, "देख आई, बाबा राज़ी हैं." मी ओरडले, अरे, ते सगळ्यालाच हव म्हणतात! तो म्हणाला, "तो फिर यहाँ रहना है, ये भी तो तू ही बोल रही है ना. बाबा ने कहाँ बोला?" त्याचं म्हणणं बरोबर होतं.

येत्या रविवारी तो न्यायला येणार, असं ठरलं. तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. यांच्यात कुठेतरी एक 'नाही' जिवंत आहे का, ते पाहायचं होतं. बोलणं शिकवायला एक मुलगी येते. ती चमचा दाखवून विचारते, "अंकल, ये हाथी है?" आणि हे म्हणतात, "हव." ती हसत नाही, म्हणून मला आवडते. तिनंच सांगितलं, "आंटीजी, जो काम इनका हाथ जानता था, वो कराके देखिए. कभी-कभी हाथ को याद रहता है." म्हणून मी तुमचं चर्च काढलं. रेल्वेवालं नव्हे, तुमच्या गावाशेजारच्या लष्करी छावणीतलं, तुम्ही लहानपणी भिंतीवर चढून पाहिलेलं. सगळे तुकडे तुम्ही कापून ठेवलेले होते. फक्त जोडायचे होते. खिडक्यांच्या कागदासाठी मी गोल बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, "पोते का स्कूल प्रोजेक्ट है, मैडम?" मी म्हटलं, नहीं, मेरा है. त्यानं जास्त काही विचारलं नाही.

पलंगावर पाट ठेवून आम्ही रोज बसतो. त्यांचा डावा पंजा कागदावर वजनासारखा ठेवायचा, मी घडी घालायची, खळ लावायची. कोपरा दाबायला मी त्यांचा अंगठा नेऊन ठेवते, आणि खळ सुकेपर्यंत तो तिथून हलत नाही. तो अंगठा काहीतरी जाणतो, असं मला वाटायला लागलं. मग मी एक काम सुरू केलं, जे तुम्हाला आवडणार नाही. मी तुमचं चर्च मुद्दाम बिघडवायला लागले. खिडकी उलटी धरली आणि विचारलं, "अशी लावू?" हव. वाट पाहिली. लावली. दाराची पायरी भिंतीच्या वर धरली. "इथं?" हव. चिकटवली. बाजूच्या दोन भिंतींची अदलाबदल केली. हव. प्रत्येक वेळी खळ लावण्याआधी मी त्यांच्या तोंडाकडे पाहत थांबायचे: आता तरी कपाळाला आठी पडेल, आता तरी मान हलेल. तुम्ही शाई लावून काढलेली, एकेक वीट रेखलेली भिंत मी माझ्या हातानं चुकीच्या जागी चिकटवली, बाबा. ती आता निघणार नाही. मला एका माणसाकडून 'नाही' काढायचं होतं, आणि त्याची किंमत द्यायला माझ्याकडे तुमचं हेच उरलं होतं.

आज सकाळी फक्त कळस राहिला होता. याचेही आठ त्रिकोण आणि नववी पट्टी. मी कात्री घेतली. "ही नववी पट्टी जास्तीची आहे. कापून टाकू?"

"हव."

"परत विचारते. कापू?"

"हव."

मी वाट पाहणं सोडलं होतं. खरं सांगायचं तर रागच आला होता, तुमचा, यांचा, त्या कागदाचा. कात्री चालवली. पट्टी अर्धी कापली गेली आणि माझ्या मनगटावर यांचा डावा हात आदळला. असा आदळला की कात्री खाली पडली. नखं रुतली. तोंडातून लाळ गळत होती आणि ते ओरडत होते, "हव! हव! हव!" चालत्या गाडीपुढून एखाद्याला मागे ओढताना ओरडावं तसे. डोळ्यांत राग होता. जवळपास सहा महिन्यांनी माझ्या नवऱ्यानं माझ्यावर डोळे वटारले. तोंड हव म्हणत होतं आणि हात म्हणत होता, काहून? काहून कापतेस? मी तो हात कपाळाला लावला आणि किती वेळ तशीच बसले कुणास ठाऊक.

थेरपीच्या मुलीला लगेच फोन केला. तिचा आवाज आनंदला, पण ती म्हणाली, "आंटीजी, उम्मीद रखिए. पर एक बार से पक्का मत मानिए. आदत भी हो सकती है हाथ की." मला ते नको होतं. उलट्या खिडकीला तो हात गप्प राहिला होता, हेही मला ठाऊक आहे. ते मी तिला सांगितलं नाही.

दुपारी तुमच्या नातवाचा फोन आला, चेहरे दिसतात तो. मी त्याला सगळं सांगितलं. बाबांचं 'नाही' त्यांच्या हातात आहे, पटलं नाही की डावा हात येऊन धरतो, मनगटावरचे नखांचे ओरखडे दाखवले. तो फोनजवळ वाकून ते ओरखडे पाहू लागला. मग म्हणाला, "ठीक है आई. मेरे सामने पूछ. अगर बाबा का हाथ मना नहीं करता, तो मैं मान लूँगा." त्यालाही हेच हवं होतं बहुतेक, की कुणीतरी खरं काय ते सांगावं.

मी यांच्याजवळ सरकून बसले. फोन तुमच्या चर्चला टेकवून ठेवला. विचारलं, "अहो, इथंच राहायचं ना? माझ्याजवळ?"

"हव," ते म्हणाले.

"हाथ?" नातवानं विचारलं.

"शांत आहे," मी म्हटलं.

तो रडला. म्हणाला, "रविवार का टिकट कैंसल करता हूँ. एक आदमी रख लेंगे, उठाने-बैठाने के लिए." मी हो म्हटलं.

संध्याकाळी कळस चिकटवला. नववी पट्टी अर्धीच उरली आहे, त्यामुळे तो खालून धरतो आणि वर टोकाशी उघडतो. आत्ता एका हातानं त्याचं टोक धरून दुसऱ्या हातानं लिहिते आहे. ते झोपले आहेत. हे कागद गादीखाली सारून ठेवीन. तुमचा गठ्ठा काढल्यापासून ती जागा रिकामी आहे.

फोनमध्ये आमची फक्त तोंडं दिसत होती, बाबा. त्यांचा डावा हात खाली चादरीवर माझ्या दोन्ही हातांत होता. मी तो इतका घट्ट धरला होता, की हलला असता तरी मला कळलं नसतं.